स्कॉटलंड: तळ्याकाठचं जंगल, पडका किल्ला आणि गुडघ्याला झेपेल अशी वाट, सुचवा

अजिंक्यतारा_ग्लासगो

नमस्कार मंडळी, आई-बाबा जूनमध्ये आमच्याकडे ग्लासगोला येताहेत. बाबा सातारचे, उभं आयुष्य गडकिल्ल्यांत गेलंय त्यांचं, रविवार म्हणजे सज्जनगड नाहीतर वासोटा नाहीतर निदान अजिंक्यतारा तरी. आता एका गुडघ्याचं नी रिप्लेसमेंट झालंय, दुसरा अधूनमधून दुखतो, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की सपाटीवर हवं तेवढं चाला पण चढ-उतार आणि उंच पायऱ्या जपून. इथे यायचं ठरल्यापासून त्यांचं एकच चाललंय, किल्ले दाखव. आईला किल्ल्यांत फारसा रस नाही, तिला झाडं, पाणी आणि पक्षी असले की दिवसभर दुसरं काही नको.

तर मला अशा जागा हव्यात जिथे तळ्याच्या कडेने झाडीतून जाणारी सोपी वाट असेल, तास-दोन तासांत आरामात होईल, आणि वाटेत किंवा शेवटी खरा पडका किल्ला असेल. एडिनबरो आणि स्टर्लिंगचे मोठे किल्ले करणारच आहोत, पण ते तिकीट काढून रांगेतून बघायचे, बाबांना मोकळ्यावर दगडाला हात लावून तटाभोवती फिरायचं असतं. गाडी आहे, छोटी. फार लांबचं नको, पण एखादी रात्र बाहेर राहायची तयारी आहे. सगळ्यांनी लॉख नेसच्या (लॉख म्हणजे इथलं तळं) काठचा अर्कर्ट किल्ला सांगितलाय, तो सोडून काय?

पाऊलवाट

डोळे मिटून लॉख लेव्हन. किन्रॉस गाव, ग्लासगोहून गाडीने तासाभराच्या आसपास, आणि तुझ्या आई-बाबा दोघांचंही एकाच दिवसात काम होतं.

तळ्याच्या मधे बेट आहे, त्यावर लॉखलेव्हन कॅसल, बाबांना सांग जलदुर्ग आहे म्हणजे ते आधीच खूश होतील. किन्रॉसच्या धक्क्यावरून छोटी बोट जाते, थोडीच माणसं बसतात त्यात म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेव, आणि शेवटची बोट दुपारीच असते तेव्हा सकाळचीच घे. बेटावर चौकोनी उंच बुरूज आहे चौदाव्या शतकातला, भोवती तटबंदी, आणि गंमत बघ, बुरुजाचं मूळ दार जमिनीवर नाहीच, वर दुसऱ्या मजल्यावर आहे, शिडी लावून चढायचं आणि शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायची. बाबांना हे बघताना पाच मिनिटांत सगळी रचना कळेल, त्यांना माहितीचा बोर्ड वाचायचीसुद्धा गरज पडणार नाही.

आणि गोष्ट तर अशी आहे की आईसुद्धा ऐकेल. स्कॉटलंडची राणी मेरी, तिला 1567 च्या जूनमध्ये तिच्याच सरदारांनी इथे आणून कोंडलं. जुलैमध्ये त्याच कैदेत असताना तिचा गर्भपात झाला, जुळी होती, आणि त्या आजारपणातच तिच्याकडून राज्यत्यागाच्या कागदांवर सह्या घेतल्या, गादीवर तिचा एक वर्षाचा मुलगा बसवला. वय तेव्हा चोवीस. पुढे 2 मे 1568 ला किल्ल्यातल्याच विली डग्लस नावाच्या पोराने जेवणाच्या वेळी किल्लेदाराच्या किल्ल्या लांबवल्या, राणीला वेष बदलून बोटीत बसवलं, दरवाजाला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ल्या पाण्यात टाकून दिल्या. अकराव्या दिवशी लँगसाइडची लढाई हरली आणि ती इंग्लंडला पळाली, मग एकोणीस वर्षं तिथे कैद आणि 1587 मध्ये शिरच्छेद. लँगसाइड म्हणजे तुमच्या ग्लासगोच्या साउथसाइडचं तेच लँगसाइड, बाबांना संध्याकाळी तिथेही फिरवून आण, दिवसाची गोष्ट पूर्ण होते.

एक सांगून ठेवते, आज दिसतं त्यापेक्षा बेट तेव्हा बरंच लहान होतं. 1830 च्या सुमारास तळ्याची पातळी उतरवली म्हणून भोवती जमीन उघडी पडली, नाहीतर पाणी जवळजवळ तटाला टेकलेलं असायचं. ते डोळ्यासमोर आणलं की पळून जाणं किती अवघड होतं ते समजतं.

आता चालण्याचं. तळ्याला पूर्ण वळसा घालणारी हेरिटेज ट्रेल आहे, साधारण 21 किलोमीटर, ती सगळी करायची नाहीच. किन्रॉसच्या कर्कगेट पार्कपासून उत्तरेच्या काठाने बर्ली सँड्सपर्यंत जा, पूर्ण सपाट, बारीक खडीची पक्की वाट, व्हीलचेअर आणि बाबागाड्यासुद्धा जातात, आणि पुढे पाइनची झाडी लागते, पायाखाली सुया पडलेल्या, मधूनच पाणी दिसतं. बसायला बाकं आहेत. परत चालत यायचं नसेल तर बर्ली सँड्सलाही पार्किंग आहे, एकाने गाडी तिकडे आणायची.

आणि तिथवर गेलातच तर बर्ली कॅसल सोडू नका, मिलनाथॉर्टच्या कडेला, गाडीने काही मिनिटं. कुणी सांगत नाही हा किल्ला. इ.स. 1500 च्या आसपासचा बुरूज आणि 1582 चा दुसरा, कोपऱ्यातला, जो खाली गोल आणि वर चौकोनी आहे, मधे तटाचा तुकडा आणि दरवाजा. तिकीट नाही, गर्दी नाही, रस्त्याला लागूनच. आम्ही गेलो तेव्हा तासभर दुसरं कुणी आलं नाही.

रानपाखरू

पाऊलवाटला शंभर टक्के अनुमोदन, पण रात्र बाहेर राहायची तयारी आहे म्हणताय तर उत्तरेला अ‍ॅविमोर गावाला जा आणि जवळचं लॉख अन एलिन करा, त्या तळ्यातही बेटावर पडका किल्ला आहे. आईंसाठी लिहितोय मुख्यतः.

केर्नगॉर्म नॅशनल पार्कमध्ये रोथीमर्कसचं जंगल आहे, ही लावलेली झाडं नाहीत. स्कॉटलंडमध्ये जे पाइनचं मूळ जंगल होतं त्याचे अगदी थोडे तुकडे उरलेत, त्यातला हा एक. फरक लगेच कळतो. प्लँटेशनमध्ये झाडं एका उंचीची, खाली अंधार आणि काही उगवत नाही, इथे प्रत्येक पाइन वेगळा वाढलाय, वाकडातिकडा, लालसर सालीचा, फांद्या पसरलेल्या, दोन-तीनशे वर्षांची झाडं आहेत, आणि खाली हेदर, ब्लूबेरीची झुडपं, जुनिपर, शेवाळाचे हिरवेगार उशीसारखे ढीग. लाल खारी दिसतात, त्यांच्या कानांवर केसांचे झुबके असतात, आणि तुरेवाला टिट नावाचा छोटा पक्षी आहे जो ब्रिटनमध्ये फक्त याच भागातल्या पाइनच्या जंगलांत सापडतो. आवाज ओळखायला शिका, दिसायला वेळ लागतो.

तळ्याला पूर्ण चक्कर साधारण सात किलोमीटर. पार्किंगला पैसे पडतात, तिथे टॉयलेट आहे, छोटं दुकान आहे. गुडघ्याचं बोलायचं तर किल्ल्याच्या बाजूची वाट रुंद आणि सपाट, पलीकडच्या काठाला काही ठिकाणी मुळं वर आलेली आणि दगड आहेत, चढ असा नाही पण पावलाकडे बघत चालावं लागतं. पूर्ण चक्कर नको असेल तर किल्ल्यासमोरून पुढे हवं तेवढं जाऊन त्याच वाटेने परत या, काही बिघडत नाही.

किल्ला काठापासून अगदी जवळ, बेटावर, बेट म्हणजे किल्लाच, भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या. तिकडे जाता येत नाही हे बाबांना आधी सांगून ठेवा नाहीतर हिरमोड होईल, काठावरूनच बघायचा. पूर्वी काठापासून बेटापर्यंत पाण्याखालून बांध होता म्हणतात, अठराव्या शतकात लाकडाचे ओंडके नदीतून वाहून न्यायला तळ्याच्या तोंडाशी दारं बसवून पाणी वाढवलं आणि तो आणखी खाली गेला. म्हणजे हे जंगल इतकं शांत दिसत असलं तरी इथून पाइनचे ओंडके तोडून स्पे नदीतून थेट समुद्रापर्यंत सोडायचे, जहाजबांधणीला. जे उरलं ते आपण बघतोय.

1690 मध्ये क्रॉमडेलच्या लढाईत हरलेल्या जॅकोबाइट सैनिकांनी, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या बाजूच्या लोकांनी, या किल्ल्यावर हल्ला केला होता आणि ग्रँट घराण्यातल्या ग्रिझेल मोर या बाईंनी किल्ला लढवला असं सांगतात. बाबांना आवडेल.

पण मला स्वतःला या किल्ल्याचं जे जास्त लागतं ते वेगळंच आहे. एकोणिसाव्या शतकात याच पडक्या भिंतीवर ऑस्प्रेचं घरटं असायचं, दरवर्षी. मासे खाणारा मोठा शिकारी पक्षी, आपल्याकडे हिवाळ्यात धरणांवर येतो तोच. अंडी जमवणारे शौकीन लोक थंडगार पाण्यात पोहत जाऊन घरट्यातली अंडी चोरायचे, जितका पक्षी दुर्मीळ तितकी अंड्याची किंमत जास्त. शतक संपता संपता इथलं घरटं कायमचं बंद पडलं, आणि काही वर्षांत ऑस्प्रे देशातूनच नाहीसा झाला. मग 1954 मध्ये जवळच्याच लॉख गार्टनला एक जोडी आपणहून परत आली, तिच्याही अंड्यांवर चोरांचा डोळा होता म्हणून लोकांनी रात्रंदिवस पहारे दिले, आणि 1959 पासून तिथे सगळ्यांना लांबून घरटं बघायची सोय केली. जूनमध्ये पिल्लं घरट्यात असायची शक्यता चांगली असते. लॉख अन एलिन सकाळी आणि लॉख गार्टन दुपारी, दोन्ही सपाट, दोन्ही पाइनमध्ये. एकाच दिवसात दोन्ही करताना घाई मात्र करू नका, आईंना बाकावर बसून राहू द्या.

अजिंक्यतारा_ग्लासगो

बापरे, दोघांचेही मनापासून आभार. मेरीची गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली, ते म्हणाले ही तर शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेसारखीच गोष्ट, आणि मग तारखा काढून बसले (आग्रा 1666, म्हणजे ही जवळजवळ शंभर वर्षं आधीची). लॉख लेव्हन नक्की. अ‍ॅविमोरपण नक्की, आई ऑस्प्रेचं ऐकून चकित झाली, उजनीवर पाहिलाय म्हणे तिने.

प्रश्न: ओबानच्या रस्त्यावर एक किल्ला फोटोंमध्ये सारखा दिसतो, तळ्याच्या टोकाला, मागे डोंगर. तिथे चालणं किती आहे? आणि लॉख गार्टनचे ऑस्प्रे हिवाळ्यात आपल्याकडे येतात का? आईने विचारलंय.

रानपाखरू

नाही, इथले पश्चिम आफ्रिकेत जातात, सेनेगल-गाम्बियाकडे. आपल्याकडे येणारे वेगळे, उत्तर आशियाकडून उतरणारे. पण पक्षी तोच, जात एकच.

डोंगरदऱ्या

तो किलचर्न, लॉख ऑच्या वरच्या टोकाला. ग्लासगोहून लॉख लोमंडच्या कडेने वर, टिंड्रम, मग ओबानचा रस्ता, डालमालीच्या पुढे डावीकडे पार्किंग. चालणं एकदम कमी, दहा-पंधरा मिनिटं, रेल्वेच्या पुलाखालून जायचं आणि समोर किल्ला. वाट सपाट आहे पण पाऊस झाला असेल (आणि झालेलाच असतो तिकडे) तर चिखल आणि गवतात पाणी, कॅनव्हासचे बूट नकोत.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर ग्लेनऑर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने बांधलेला. तेव्हा हे बेट होतं, नंतर 1817 मध्ये तळ्याची पातळी उतरवली तेव्हा जमिनीला जोडलं गेलं. बाबांना इथे एक गोष्ट मुद्दाम दाखव, मूळ बुरूज आहे सरदाराच्या घरासारखा, आणि त्याला चिकटून 1690 च्या दशकात सैनिकांसाठी बराकी बांधल्या, दोनशे माणसं राहतील अशा. म्हणजे एकाच किल्ल्यात आधीचा काळ आणि तोफा-बंदुकांचा काळ शेजारी शेजारी दिसतो, भिंतींत बंदुका रोखायला ठेवलेली भोकं पण आहेत, आपल्या जंग्यांसारखीच, बाबा लगेच दाखवतील तुला. आणि 1760 मध्ये वीज पडली त्यावर, इतकी की एका कोपऱ्यावरचा छोटा गोल बुरूज तुटून खाली आला आणि आजही अंगणात उलटा पडलेला आहे, आख्खा, तसाच. त्यानंतर किल्ला सोडून दिला.

तिकीट नाही. पण आत जायचं दार अधूनमधून बंद असतं, गेली काही वर्षं स्कॉटलंडभर जुन्या किल्ल्यांच्या भिंतींची तपासणी चाललीये, वरून दगड निसटायची भीती असते म्हणून जाळ्या लावतात. निघायच्या आदल्या दिवशी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडच्या (जुने किल्ले सांभाळणारी सरकारी संस्था) साइटवर बघ. बंद असला तरी बाहेरून सगळीकडून फिरता येतं आणि पाण्याच्या बाजूने जास्त छान दिसतो.

तळ्याकाठचं जंगल मात्र इथे किल्ल्याला लागून नाही, उघडं गवत आहे, हे आईंसाठी लक्षात ठेव. जाता-येता लॉख लोमंडच्या काठावर लसला उतरा, तिथे ओकची झाडी आहे काठावर.

कोकणातली_ताई

माझं जरा वेगळं मत आहे. सगळे अर्कर्टला नावं ठेवतात, गर्दी आहे, तिकीट महाग आहे, टूरच्या बसेस येतात, हे सगळं खरं आहे. पण किल्ल्यांचं वेड असलेल्या माणसाला इतक्या लांब आणून अर्कर्ट दाखवायचा नाही हे मला पटत नाही. स्कॉटलंडमधल्या मोठ्या किल्ल्यांपैकी एक, अख्खी खडकाची सोंड धरून बांधलेला, तीन बाजूंनी लॉख नेस. 1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या ताब्यात गेला, मग पुढची दोनशे-अडीचशे वर्षं कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे. आणि त्याची पडझड कुणा शत्रूने केलेली नाही, 1692 मध्ये तिथल्या शिबंदीने जाताना स्वतःच दारूने उडवून दिला, जॅकोबाइटांच्या हाती लागू नये म्हणून. दरवाजाच्या जागी अजून भिंतीची मोठमोठी ढेकळं तशीच पडलेली आहेत. आपल्याकडे 1818 नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे फोडून टाकले ते ज्याने पाहिलंय त्याला ते बघून कसंतरीच होतं.

गुडघ्याचा प्रश्न मात्र आहे, पार्किंग वर आणि किल्ला खाली पाण्याशी, उतार आहे, येताना तोच चढ. पायऱ्या टाळून उताराच्या वाटेने हळूहळू जा, मधे थांबत. सकाळी उघडतानाच पोचा. अ‍ॅविमोरला राहणारच असाल तर इनव्हर्नेसवरून करता येईल.

पाऊलवाट

ताई, अर्कर्ट चांगलाच आहे, वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की बाबांची चालायची ताकद मोजकी आहे, ती चढात आणि रांगेत घालवण्यापेक्षा लॉख लेव्हनच्या बेटावर आणि त्या पाइनमध्ये घालवावी. अर्कर्टसाठी वेगळा दिवस ठेवला आणि त्या दिवशी दुसरं काहीच केलं नाही तर जरूर करा.

अजिंक्यतारा_ग्लासगो

हे पटलं. अर्कर्टला वेगळा दिवस. आता साध्या गोष्टी सांगा, जूनमध्ये मिजेस, म्हणजे त्या बारीक चावऱ्या माश्या, किती असतात? आईला डास चावले की अंगावर गाठी उठतात. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत, प्रवासाचा शीण असताना, जवळचं काही आहे का?

डोंगरदऱ्या

मिजेस जूनमध्ये सुरू झालेले असतात, जुलै-ऑगस्टमध्ये जास्त. ते वारा असला की उडत नाहीत आणि कडक उन्हातही कमी, त्रास असतो तो ढगाळ, दमट, वारा पडलेल्या सकाळी आणि संध्याकाळी, आणि पश्चिमेकडे जास्त, म्हणजे किलचर्नला सांभाळा, किन्रॉसला फारसं काही नाही. स्मिज नावाचं औषध मिळतं अंगाला लावायला, आणि डोक्यावरून घ्यायची जाळी दोन-चार पाउंडांत मिळते, आईंसाठी घेऊनच ठेव. गवतात गोचीडही असतात, पँट मोज्यात खोचायची, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. हे टाळू नका, लाइम रोग होतो त्यांच्यामुळे.

कपड्यांचं म्हणशील तर आई साडीत चालणार असतील तर ओल्या गवतात काठ भिजतो आणि मग दिवसभर थंडी वाजते, त्यापेक्षा ट्राउझर किंवा सलवार आणि वर वॉटरप्रूफ जॅकेट, इथे वाऱ्यात छत्री टिकत नाही. बाबांना चालायच्या काठ्या दोन घे, एक नको, गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. आणि उजेडाची चिंता करू नका, जूनमध्ये दहापर्यंत सूर्य असतो, उशिरा निघालात तरी चालतं, फक्त तिकिटाच्या जागा लवकर बंद होतात.

कोकणातली_ताई

पहिल्या दिवसासाठी लिनलिथगो. गाडीही नको, ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून ट्रेनने अर्धा तास, स्टेशनवरून पाच-दहा मिनिटांत राजवाडा. मेरी इथेच जन्मली, 8 डिसेंबर 1542, म्हणजे लॉख लेव्हनच्या आधी हे केलंत तर गोष्ट सरळ क्रमाने जाते. छप्पर नाही, 1746 मध्ये सैन्य मुक्कामाला असताना आग लागून जळाला, पण भिंती पूर्ण उंचीच्या उभ्या आहेत आणि अंगणात 1538 चं कारंजं आहे. आतले जिने गोल आणि अरुंद आहेत, बाबांनी खालूनच बघावं. तळ्याला चक्कर पावणेचार किलोमीटरच्या आसपास, सपाट, हंस भरपूर. पलीकडच्या काठाला मोटरवेचा आवाज येतो आणि जंगल असं नाही, थोडी झाडं आहेत, त्यामुळे आईंना फार काही सापडणार नाही. पण विमानातून उतरल्यावर पाय मोकळे करायला याहून सोपं काही नाही.

आणि आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढ, भारताचा पासपोर्ट दाखवून निघतं, तिकिटावर एक तृतीयांश सूट. अ‍ॅविमोरला ट्रेननेच गेलात तर तेवढ्यातच बराचसा खर्च वसूल होतो, आणि गाडी चालवायची नसल्याने तूही खिडकीतून बघशील.

अजिंक्यतारा_ग्लासगो

रेलकार्डचं माहीतच नव्हतं, धन्यवाद ताई. मग असं ठरवते: आधी लिनलिथगो, मग दोन दिवस आराम, मग लॉख लेव्हन आणि बर्ली एका दिवसात, लँगसाइड घराजवळच आहे ते संध्याकाळी कधीही. अ‍ॅविमोरला ट्रेनने दोन रात्री. किलचर्न हवामान बघून, वारा असेल त्या दिवशी. पाऊलवाट, बोटीत चढता-उतरताना पायरी किती उंच आहे काही आठवतं का? बाबांना वाकून उतरणं जड जातं.

पाऊलवाट

धक्क्यावरून बोटीत एक मोठं पाऊल खाली टाकावं लागतं, पाण्याच्या पातळीनुसार कमी-जास्त. नावाडी हात देतात, घाई करत नाहीत. बुकिंग करताना गुडघ्याचं आधीच कळव, आणि बाबांना सगळ्यांत शेवटी चढू दे म्हणजे बोट स्थिर असते आणि मागून कुणी ढकलत नाही. बेटावर उतरल्यावर सपाट गवत आहे. बुरुजाच्या आत जायला मात्र पायऱ्या आहेत, ते तिथे जाऊन त्यांनाच ठरवू दे.